जुनी ब्रिटिश चांदी, दागिने आणि स्मृतिवस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्मिंगहॅममध्ये येऊन मला एकोणीस वर्षं झाली. इथला ज्वेलरी क्वार्टर म्हणजे सोनारांची जुनी पेठ, आणि माझं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या वर्षी शनिवारच्या बाजारात चहापत्ती काढायचा एक चिमुकला चमचा घेतला, तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच. आता पुण्याहून, साताऱ्याहून, इथल्या मराठी घरांतूनही फोटो येतात: हे खरं आहे का, किती जुनं, कितीचं? प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

माझ्याकडच्या ट्रेखाली इंग्रजीत पाच-सहा छाप आहेत. म्हणजे चांदीच ना?

बहुतेक वेळा नाही, आणि सर्वांत जास्त निराशा इथेच होते. त्या छापांत ‘ई पी एन एस’ अशी अक्षरं असतील तर ती निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेली चांदी. निकेल सिल्व्हर म्हणजेच आपल्याकडे घराघरात माहीत असलेलं जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल आणि जस्त. नावात चांदी, आत गुंजभरही नाही. वर दिलेलं चांदीचं पाणी तेवढं खरं. ‘ई पी बी एम’ असेल तर आत ब्रिटानिया मेटल नावाचा कथिलाचा मिश्रधातू असतो. ‘ए १’ हा छाप मुलाम्याच्या जाडीची जाहिरात असतो, कसाची नव्हे.

बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये या विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीसारखी भांडी आली. मुलाम्याच्या वस्तूंवर कारखानदार मुद्दाम ढाल, मुकुट, जुन्या वळणाची अक्षरं असे छाप एका ओळीत मारत. लांबून ते अगदी हॉलमार्कसारखे दिसतात.

एक खूण पक्की लक्षात ठेवा: चालणारा सिंह. डावीकडे तोंड करून, पुढचा उजवा पाय उचललेला. इंग्लंडमधल्या स्टर्लिंग, म्हणजे ९२५ कसाच्या, चांदीवर हा सिंह १५४४ पासून आहे. तो दिसला तर पुढे वाचा. नसेल तर आधी संशय घ्या.

खरे ठसे कोणते आणि ते वाचायचे कसे?

जुन्या दफ्तरांतली मोडी पहिल्या दिवशी नुसत्या रेघोट्या वाटते आणि दोन महिन्यांनी त्यातलं नाव-गाव उलगडायला लागतं, तसंच हे आहे. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीपाशी बसा.

इंग्रजी चांदीवर साधारण चार-पाच ठसे सापडतात. सिंह म्हणजे कस: हजारात ९२५ भाग चांदी. दुसरा ठसा तपासणी जिथे झाली त्या गावाचा. लंडनचा बिबट्याचा चेहरा, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफिल्डचा मुकुट (१९७५ पासून गुलाब), चेस्टरच्या तीन पेंढ्या आणि तलवार, एक्सिटरचा तीन बुरुजांचा किल्ला, न्यूकॅसलचे तीन किल्ले. शेवटची तीन कार्यालयं केव्हाच बंद झाली: एक्सिटर १८८३, न्यूकॅसल १८८४, चेस्टर १९६२. स्कॉटलंडची रीत वेगळी. एडिंबराचा किल्ला आणि त्याच्या सोबतीला, सिंहाऐवजी, १७५९ पासून १९७४ पर्यंत काटेरी थिसलचं फूल. तिसरा ठसा वर्षाचं अक्षर, चौथा कारागिराची आद्याक्षरं. आणि १७८४ ते १८९० या काळातली वस्तू असेल तर राजाचा किंवा राणीचा मुखवटा. तो चांदीवरचा कर भरल्याचा शिक्का.

भारतात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क २०२१ पासून सक्तीचा होऊ लागला. इंग्लंडात पहिल्या एडवर्डने तसा कायदा १३०० मध्ये केला. १४७८ पासून लंडनच्या सोनारांना आपला माल गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये नेऊन ठसे मारून घ्यावे लागले. त्या हॉलवरून ‘हॉलमार्क’ हा शब्द आला. तो हॉल आजही फॉस्टर लेनवर आहे आणि तिथे आजही ठसे मारले जातात.

वर्षाचं अक्षर नेमकं कसं लावायचं? तक्त्यात एकच अक्षर चार-चार वेळा दिसतं.

लंडनमध्ये वीस वर्षांचं एक चक्र असे. ए पासून यू पर्यंत, जे वगळून. चक्र संपलं की अक्षराचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार बदलायचा. तरीही गोंधळ होतोच, म्हणून एक उदाहरण सविस्तर देते.

समजा, चमच्यावर लंडनचं छोट्या लिपीतलं, साध्या रोमन वळणाचं ‘ए’ आहे. हे अक्षर १७७६ ला आलंय, १८१६ ला आलंय आणि १८९६ लाही आलंय. आता शेजारचे ठसे बघा. बिबट्याच्या डोक्यावर मुकुट आहे, पण राजाचा मुखवटा कुठेच नाही? मग १७७६, कारण कराचा शिक्का सुरू व्हायला अजून आठ वर्षं होती. बिबट्याला मुकुट आहे आणि मुखवटाही आहे? १८१६. बिबट्या बोडका आणि मुखवटाही नाही? १८९६, कारण मुकुट १८२१ मध्ये गेला आणि कर १८९० मध्ये उठला. एका अक्षराने जे सांगितलं नाही ते शेजाऱ्यांनी सांगितलं. एकट्या अक्षरावर कधीच विसंबू नका.

दुसरं म्हणजे, लंडनचं अक्षर १९७५ पर्यंत मे महिन्यात बदलत असे, बर्मिंगहॅम-शेफिल्डचं जुलैत. म्हणून जाणकार ‘१८९६-९७’ असं लिहितात. १९७५ पासून सगळीकडे १ जानेवारी. १९९९ पासून तर हे अक्षर ऐच्छिकच आहे.

बर्मिंगहॅम समुद्रापासून इतकं दूर, मग नांगर कशाचा?

हा प्रश्न मला फार आवडतो. मॅथ्यू बोल्टन हा इथला मोठा कारखानदार. त्याला चांदीची भांडी ठसे मारायला चेस्टरला पाठवावी लागत. सत्तर मैलांहून जास्त रस्ता, घोडागाडी, खाचखळगे. माल पोचे पडून परत यायचा. त्याने आणि शेफिल्डच्या लोकांनी पार्लमेंटकडे धरणं धरलं आणि १७७३ मध्ये दोन्ही गावांना स्वतःची कार्यालयं मिळाली. या खटपटीच्या काळात मंडळी लंडनच्या ‘क्राउन अँड अँकर’ नावाच्या खानावळीत बसत. एका गावाने तिथला मुकुट घेतला, दुसऱ्याने नांगर, असं सांगतात. नाणेफेक झाली म्हणतात, त्याला कागदोपत्री पुरावा नाही. कार्यालय मात्र अजून चालू आहे. कामावरून येताना मी कधी कधी मुद्दाम त्याच्यावरून येते.

सिंह नाही, पण एक बसलेली बाई आहे. खोटं का?

उलट, जपून ठेवा. ती ब्रिटानिया, आपल्या भारतमातेसारखं ब्रिटनचं स्त्रीरूप. सतराव्या शतकाच्या शेवटी लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून, नाणी वितळवून भांडी करू लागले, कारण नाण्याचा आणि भांड्याचा कस एकच होता. सरकारने १६९७ मध्ये भांड्यांचा कस ९५८ वर नेला, म्हणजे नाणं जसंच्या तसं वितळवून भागेना. सिंह आणि बिबट्या गेले, ब्रिटानिया आणि सिंहाचं नुसतं मुंडकं आलं. १७२० मध्ये स्टर्लिंग परत आलं, पण ब्रिटानिया कसाची सोय ऐच्छिक म्हणून राहिली. तेव्हा ब्रिटानिया दिसली म्हणजे वस्तू त्याच तेवीस वर्षांतली असं धरू नका. विसाव्या शतकातही हा कस वापरलाय. वर्षाचं अक्षर बघाच.

ओल्ड शेफिल्ड प्लेट म्हणजे मुलामाच ना? मग त्याला एवढी किंमत का?

तो मुलामा नाही. शेफिल्डच्या थॉमस बोल्सोव्हरने १७४३ च्या सुमारास तांब्याच्या जाड लगडीवर चांदीचा पत्रा ठेवून दोन्ही एकत्र तापवले. ते एकजीव झाले, आणि लाटल्यावर दोन्ही धातू बरोबरीने पसरले. त्या पत्र्यापासून भांडी घडवली. म्हणजे आधी चांदी-तांब्याचा पत्रा, मग भांडं. विजेच्या मुलाम्यात आधी भांडं, मग चांदी. हा फरक हाताला कळतो. शेफिल्ड प्लेटच्या कडा चांदीच्या तारेने किंवा पत्रा वळवून झाकलेल्या असतात, नाहीतर तांब्याची लाल रेघ दिसली असती. वर्षानुवर्षं पुसून उंच भागावर तांब्याची लाली उमटते. ती लाली मला सुंदर वाटते. कृपा करून अशा वस्तूला नव्याने चांदीचं पाणी देऊ नका. एका दुपारीत दोनशे वर्षं पुसली जातात आणि किंमतही जाते.

फसवणूक कशी होते?

खोटे ठसे मारणारे आहेत, पण नेहमीची फसवणूक त्याहून साधी असते. वस्तू खरी, ठसे खरे, पण वस्तू मूळची ती नव्हेच.

माझाच अनुभव सांगते. चौथ्या वर्षी एका दुकानातून मी तिसऱ्या जॉर्जच्या काळातली दुधाची मोठी झारी घेतली. तळाशी लंडनचे स्वच्छ ठसे, वजन भरपूर, आणि भाव माझ्या ऐपतीच्या थोडा वरचा. घरी आणून महिनाभर कौतुक केलं. मग एका थंड सकाळी ती खिडकीत धरून तिच्यावर तोंडाची वाफ सोडली. वाफ धरली तशी चोचीच्या भोवती एक वेडीवाकडी रेघ उमटली. डाखाची रेघ. डाखाचा धातू वेगळा, त्यावर वाफ वेगळी बसते आणि वेगळी उडते. चोचीवर ठसा नव्हता. मूळ वस्तू बिअर प्यायचा टँकर्ड होती. व्हिक्टोरियाच्या काळात कुणीतरी तिला चोच लावली आणि अंगभर फुलं ठोकली. असा फेरफार पुन्हा तपासणी न करता विकणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. दुकानदाराने पैसे परत केले नाहीत. त्या दिवसापासून मी वाफ सोडल्याशिवाय काहीही घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

तशाच आणखी काही गोष्टी: साध्या जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या काळातल्या, चमच्यावर मागाहून फळं उठवून केलेले ‘बेरी स्पून’; चमच्याची वाटी कापून केलेले काटे; लहान वस्तूवरचे ठसे कापून मोठ्या वस्तूच्या तळाला बसवणं. कोरलेलं जुनं नाव घासून काढलं असेल तर तिथला पत्रा पातळ होतो. अंगठ्याने हलकेच दाबा, आत-बाहेर होतो का बघा. झाकण असलेल्या वस्तूत झाकणावरही ठसा हवा.

तळाशी कधी कधी सुईने ओरखडल्यासारखा आकडा असतो, उदाहरणार्थ ‘१८ ५’. ते मूळ वजन: अठरा ट्रॉय औंस (सोन्याचांदीचा औंस), पाच पेनीवेट (वीस पेनीवेटचा एक औंस). आज वजन करा. थोडी घट म्हणजे झीज. वजन वाढलं असेल तर कुणीतरी काहीतरी जोडलंय.

नवशिक्याने काय घ्यावं?

चमचे. कमी पैशांत, कमी जागेत, ठसे वाचायचा भरपूर सराव. चमच्यांवर एक मजेची खूणही मिळते: १७८० पर्यंत ठसे दांड्याच्या खालच्या टोकाला, वाटीजवळ मारत, १७८१ च्या सुमारापासून ते वरच्या टोकाकडे सरकले. नंतर साखरेचे चिमटे, तपकिरीच्या डब्या, चहापत्तीचे चमचे. बर्मिंगहॅमच्या नथॅनिएल मिल्सने केलेल्या अत्तराच्या स्पंजाच्या डब्या मिळाल्या तर हातात घेऊन बघाच. झाकणावर किल्ला किंवा चर्च उठवलेलं, आत सोन्याचा मुलामा दिलेली जाळी.

मला सर्वांत जवळची वाटते ती हेस्टर बेटमन. साखळ्या करणाऱ्या कारागिराची बायको. नवरा १७६० मध्ये गेला. पुढच्या वर्षी, पन्नाशी उलटलेल्या या बाईने लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये स्वतःचा ठसा नोंदवला आणि मुलांना हाताशी धरून कारखाना वाढवला. तिचा माल नाजूक असतो, कडेला मण्यांची बारीक ओळ, वर लखलखीत छिन्नीकाम. तिच्या आद्याक्षरांचा साखरेचा चिमटा मी अकरा वर्षं शोधत होते. तो मिळाला त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं.

भाव कसा ठरतो? आणि तोळ्यात कसं मोजायचं?

तळाचा भाव चांदीचा: वजन गुणिले ०.९२५ गुणिले त्या दिवसाचा दर. त्यावर वय, कारागीर, घडण, स्थिती. सुटे व्हिक्टोरियन काटे-चमचे बहुतेकदा तळाच्या भावाच्या आसपासच जातात.

ट्रॉय औंस ३१.१ ग्रॅमचा. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला; ट्रॉय औंस असतो ४८० ग्रेनचा. म्हणून आठ तोळे म्हणजे बरोबर तीन ट्रॉय औंस. पण आज बाजारात दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तेव्हा घरच्या जुन्या यादीत ‘वीस तोळे’ दिसलं तर कुठला तोळा ते आधी विचारा.

लिलावात बोली लागली तेवढेच पैसे द्यायचे असं नसतं. वर लिलावगृहाचं कमिशन, बऱ्याच ठिकाणी चौथा हिस्सा किंवा जास्त, आणि त्यावर कर. बोली लावायच्या आधी हा हिशेब कागदावर मांडा.

सराफाकडे नेलं तर तो मोडीचाच भाव सांगेल, त्यात त्याची चूक नाही. त्याच्या तराजूला वजन कळतं, हेस्टर बेटमन कळत नाही.

काळी पडलीय. कशाने घासू?

शक्यतो घासू नका, पुसा. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. दरवेळी घासताना त्या काळ्या थराबरोबर चांदीही जाते आणि सर्वांत आधी ठसे जातात. आपण दिवाळीच्या आधी देवांची चांदी रांगोळीने किंवा टूथपेस्टने लख्ख करतो; इथे ते अजिबात नको. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती फडकं, लगेच कोरडं करणं. त्याने भागलं नाही तर चांदीसाठीचं सौम्य पॉलिश, वर्षातून एखाद वेळी, आणि ठशांवर बोट जवळजवळ न टेकवता. नक्षीच्या खोबणीतला काळा रंग राहू द्या, त्यामुळेच नक्षी उठून दिसते. अॅल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याचा जो उपाय सगळीकडे सांगतात, तो हीच सावली धुऊन टाकतो.

सुऱ्यांच्या आणि मेणबत्तीच्या स्टँडच्या बाबतीत जास्त सांभाळा. सुऱ्यांच्या मुठी आणि असे पुष्कळ स्टँड आतून पोकळ असतात आणि राळेने भरलेले. गरम पाण्यात बुडवलं की राळ फुगते, पत्रा उसवतो. माझ्या सहा सुऱ्यांच्या संचातली एक अशीच गेली. आता पाचच आहेत.

रबरबँड लावू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. मिठाच्या भांड्यात मीठ ठेवून झोपू नका. मीठ चांदी खातं, म्हणून तर जुन्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा असायचा.

दागिन्यांचं काय? त्यांच्यावर तर बरेचदा ठसाच नसतो.

खरं आहे, जुन्या ब्रिटिश दागिन्यांवर कितीदा ठसा नसतो. कायद्यात त्यांना बऱ्याच सवलती होत्या. तिथे घडण वाचावी लागते. पण ठसा असेल आणि सोन्यावर ‘१५’ असा आकडा असेल तर काम सोपं: पंधरा कॅरेट १८५४ मध्ये सुरू झालं आणि १९३२ मध्ये बंद झालं, त्याच्या जागी चौदा आलं. आपल्याकडच्या बावीस कॅरेटची सवय असलेल्यांना नऊ कॅरेटचं ब्रिटिश सोनं फिकट वाटतं. ते खोटं नसतं, फक्त हजारात ३७५ भाग असतं.

जॉर्जियन दागिन्यांत खडे मागून बंद कोंदणात असतात आणि खाली चमकीचा पातळ वर्ख असतो. असा दागिना पाण्यात बुडवला की वर्ख काळवंडतो आणि खडा मरतो. रिठ्याच्या पाण्याचाही मोह नको.

व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट १८६१ च्या डिसेंबरात गेला आणि तिने पुढची जवळजवळ चाळीस वर्षं काळे कपडे सोडले नाहीत. सगळ्या देशाने दुखवट्याचे काळे दागिने घातले. त्यातला मानाचा माल यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिट्बी गावचा जेट. हा दगड नाही, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं गाडलेलं लाकूड आहे. हातात घ्या: हलका आणि ऊबदार लागेल. गार आणि जड लागला तर ती काळी काच, जिला बाजारात ‘फ्रेंच जेट’ म्हणतात. कडेला तपकिरी झाक आली असेल तर बहुधा व्हल्कनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर. गेलेल्या माणसाचे केस विणून बसवलेले ब्रोच आणि लॉकेटही पुष्कळ मिळतात. आपल्याकडच्या लोकांना ते अशुभ वाटतं, मला कितीतरी जणींनी तसं सांगितलंय. मी एक ठेवलंय. मागे एका मुलीचं नाव आहे आणि वय: चार वर्षं. ते दुकानाच्या पेटीत पडून राहावं असं मला वाटलं नाही.

आनंदाचे दागिनेही आहेत. माणिक, पाचू, गार्नेट, अॅमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा अशा क्रमाने खडे असलेली अंगठी दिसली तर त्यांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जुळवा. ‘रिगार्ड’ शब्द होतो, म्हणजे जिव्हाळा.

वाघनखांचे ब्रोच आणि हस्तिदंताची मूठ असलेली किटली. घेऊ का?

नका घेऊ. वाघनखं सोन्यात मढवून ब्रोच करायची पद्धत भारतातल्या साहेबांमुळेच फोफावली आणि ते दागिने आजही ब्रिटनमध्ये दिसतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आड येतो. ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या विक्रीवर २०२२ पासून कडक बंदी आहे. १९४७ पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना सूट मिळते, पण तीही नोंदणी करून. किटलीच्या मुठीत हात भाजू नये म्हणून घातलेल्या दोन चकत्या असतात त्या सहसा या सुटीत बसतात. पण ती किटली घेऊन विमानात बसू नका.

राज्याभिषेकाचे मग, डबे, चमचे: यांना काही किंमत आहे का?

पैशात फारशी नाही, कारण ते लाखांनी निघाले. वाचायला मात्र हे फार गोड आहेत. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. दोन दिवस आधी त्याच्या पोटाची शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टला झाला. आठवणीचे मग तर भट्टीत आधीच भाजून तयार! त्यामुळे बहुतेकांवर जूनचीच तारीख आहे. ऑगस्टची तारीख असलेला मग दिसला तर थांबा.

आठव्या एडवर्डची गोष्ट उलटी. सगळ्यांना वाटतं की ज्याचा राज्याभिषेक झालाच नाही त्याचा मग दुर्मिळ असणार. त्याचा मुहूर्त १२ मे १९३७ होता, त्याने डिसेंबर १९३६ मध्येच गादी सोडली. पण तोवर कारखान्यांनी ढिगाने माल काढला होता, आणि लोकांनी तो आठवण म्हणून जपला. म्हणून तो आज सहज मिळतो. सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक त्याच तारखेला झाला. नाव बदललं, तारीख तीच.

चांदीतल्या स्मृतिवस्तूंत मला एकच गोष्ट मनापासून सुचवाविशी वाटते: राज्याभिषेकाच्या चमच्याची प्रतिकृती. १९०२, १९११, १९३७ आणि १९५३ च्या समारंभांच्या वेळी या प्रतिकृती चांदीवर सोन्याचं पाणी देऊन भरपूर निघाल्या. मूळ चमचा बाराव्या शतकातला. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर १६४९ मध्ये राजचिन्हं मोडून वितळवली गेली. हा चमचा राजाच्या जामदारखान्यातल्या क्लेमंट किनर्स्लीने सोळा शिलिंगांना विकत घेतला आणि राजेशाही परत आल्यावर दुसऱ्या चार्ल्सला आणून दिला. दांड्यातले चार मोती त्यानंतरचे. आजही नव्या राजाला तेल लावलं जातं ते याच चमच्यातून. सोळा शिलिंग देणारा तो माणूस नसता तर बाराव्या शतकातल्या राजसोनाराच्या हातचं काही उरलं नसतं.

समारंभांच्या वर्षी हॉलमार्कमध्येही जादा ठसा मिळतो: १९३४-३५ मध्ये पाचव्या जॉर्ज आणि मेरीचे जोड-मुखवटे, १९५२-५४ मध्ये एलिझाबेथचा, १९७७ मध्ये पुन्हा तिचा. साध्या चमच्यावरही हा जादा ठसा असू शकतो, विकणाऱ्याच्या तो लक्षातही आलेला नसतो.

माझ्या पणजोबांचा चहाचा संच चांदीचा आहे, पण सिंह नाही. ‘ओ एम भुज’ असं लिहिलंय.

तो इंग्लंडचा नाही आणि त्याने काही बिघडत नाही. भुजच्या उमरशी मावजींच्या पेढीचा तो छाप आहे. कच्छी नक्षी, आत कधी प्राणी, कधी शिकार. याचा बाजार लंडनमध्ये फार चांगला आहे. तसाच कलकत्त्याच्या हॅमिल्टनचा छाप (सोबत हत्ती) आणि मद्रासच्या ऑरचा. भारतात इंग्लंडसारखी तपासणी नव्हती. पेढीचं नाव हीच हमी. पुष्कळ भांडी रुपये वितळवून झाली. कंपनीच्या आणि राणीच्या रुपयाचा कस हजारात ९१६, म्हणजे स्टर्लिंगपेक्षा किंचितच कमी.

भारतात आणायचं किंवा भारतातून न्यायचं तर?

भारतात आणताना पावती हातात ठेवा आणि कस्टममध्ये जाहीर करा. भारतातून शंभर वर्षांहून जुनी वस्तू बाहेर न्यायची असेल तर पुरातन वस्तू कायदा, १९७२ बघावा लागतो. वस्तू तेवढी जुनी नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं तसं प्रमाणपत्र आधी घ्या. विमानतळावर हुज्जत घालून काही होत नाही.

इंग्रजांच्या वस्तू आपण कशाला जमवायच्या?

हा प्रश्न माझ्या मोठ्या काकांनी विचारला होता, रागाने. त्यांना मी तेव्हा उत्तर देऊ शकले नाही. आज देते: ज्यांनी राज्य केलं त्यांच्या हातची ही वस्तू नाही. एका विधवेच्या कारखान्यातल्या, मुलांसोबत पहाटे भट्टी पेटवणाऱ्या कारागिरांच्या हातची आहे. शिवाय यातल्या काही वस्तूंवर आपलीच नावं आहेत. ती कुणी वाचली नाहीत तर जातील.

घरात लष्करी पदक सापडलंय. सराफ म्हणतो, तोळ्यावर घेतो. देऊ का?

देऊ नका. आधी कडा वाचा.

पहिल्या महायुद्धातलं चांदीचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ साधारण एका ट्रॉय औंसाचं असतं, म्हणून १९८० मध्ये चांदीचा भाव उसळला तेव्हा असंख्य पदकं भट्टीत गेली. पदकाच्या जाडीवर, म्हणजे कडेला, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण छापलेली असते. ‘मराठा’ हा शब्द तिथे जुन्या स्पेलिंगने ‘माहराट्टा’ असा दिसेल. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत अल अमाराच्या वेढ्यात अडकलेली सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या. मजूर तुकड्यांना आणि लष्करासोबतच्या नोकर-चाकरांना हेच पदक काशाचं मिळालं, आणि सराफाच्या लेखी त्याला काहीच किंमत नाही. म्हणून तीच जास्त हरवली.

घरात बारा सेंटिमीटर व्यासाची काशाची थाळीवजा चकती असेल, तिच्यावर ब्रिटानिया, सिंह आणि एक नाव असेल, तर तो माणूस युद्धात गेला. त्या चकतीवर हुद्दा नसतो, सगळ्यांचं नाव सारखंच. आणि पितळेची, सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीचा चेहरा उठवलेली चपटी डबी असेल तर ती १९१४ च्या नाताळाची भेट. इंग्रज शिपायांच्या डबीत तंबाखू होती. हिंदी शिपायांसाठी खडीसाखर आणि सोबत मसाल्याची छोटी डबी ठेवली होती. मसाल्याची डबी शाबूत असलेला संच मी आजवर एकदाच पाहिला. झाकण उघडलं तेव्हा वास राहिला नव्हता, पण कोपऱ्यात काळपट पूड चिकटलेली होती.

आणखी जुनं, व्हिक्टोरियाच्या तरुणपणीच्या मुखवट्याचं चांदीचं पदक असेल आणि फितीवरच्या धातूच्या पट्टीवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव यांपैकी एखादं नाव इंग्रजीत असेल, तर हात लावू नका, कपड्यात गुंडाळून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. १८०३ च्या आणि १८१७-१८ च्या लढायांसाठीचं हे पदक १८५१ मध्ये दिलं गेलं, तेही तेव्हा हयात असलेल्यांनाच. असईहून परतलेला विशीतला पोरगा तेव्हा सत्तरीच्या घरात होता. याच्या नकला आणि मागाहून जोडलेल्या पट्ट्या बाजारात आहेत, म्हणून पट्टीचे खिळे आणि कडेवरची अक्षरं भिंगाखाली बघायचीच.

पुसू नका. फीत बदलू नका. कडेवरचं नाव, क्रमांक आणि पलटण कागदावर जसंच्या तसं उतरवून, दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो काढून ठेवा. तेवढं झालं की मग सराफाला काय सांगायचं ते ठरवा.